फोनिक्स: आवाज सगळे येतात, पण शब्द जुळत नाही

कोरी_पाटी

लेक पाच वर्षांची आहे, फोनिक्सने म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकते आहे. इंग्रजीच्या 26 अक्षरांचे आवाज तिला येतात, कोणतंही अक्षर दाखवा, न अडखळता सांगते. पण बी-ए-टी हा शब्द समोर ठेवला की 'बऽ... ॲऽ... टऽ' म्हणते आणि तिथेच थांबते. 'आता जोडून म्हण' म्हटलं की 'बअॲटअ' असं काहीतरी येतं, नाहीतर पानावरचं चित्र बघून 'बॉल'. छोट्या घोड्याच्या चित्राखाली 'पोनी' लिहिलेलं असताना ती ठामपणे 'हॉर्स' वाचते.

लिहिण्याचंही तसंच. कॅट लिहायला सांगितलं तर के-ए-टी, डक म्हणजे डी-यू-के. हे खोडून दुरुस्त करावं की सोडून द्यावं? घरी आम्ही मराठी बोलतो आणि मराठी अक्षरंही आता सुरू करायची आहेत. दोन्ही लिप्या एकदम आल्या तर गोंधळ वाढेल का? ज्यांनी लहान मुलांना वाचायला शिकवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पारिजात

आमच्याकडेही हेच चालू आहे. वाचनखूण साठवली.

रेघोट्या

बालवाडी आणि पहिलीच्या मुलांना बरीच वर्षं शिकवते आहे. तुमच्या प्रश्नातच उत्तर दडलेलं आहे: 'बऽ' आणि 'टऽ'.

आपण देवनागरीत वाढलेली माणसं. आपल्या प्रत्येक व्यंजनात 'अ' मिसळलेला असतो, म्हणून बी या अक्षराचा आवाज सांगताना तोंडातून सहज 'ब' निघतो. पण इंग्रजीतल्या बी मध्ये तो 'अ' नाही. तिथे हवा आहे पाय मोडलेला 'ब्'. मुलीने 'ब, ॲ, ट' म्हटलं की तिच्या कानावर तीन नाही, पाच आवाज पडतात: ब्, अ, ॲ, ट्, अ. ते जोडून 'बॅट' कसा होणार? वर पंचाईत अशी की हा 'अ' इंग्रजीत वेगळा स्वर म्हणून हजर आहे. कप, सन, बट यांतला यू म्हणजे जवळजवळ आपला 'अ'च. म्हणजे जो स्वर शब्दात नाहीच, तो आपण प्रत्येक अक्षराला चिकटवून देतो. मूल ऐकतंय बरोबर, आपणच त्याला जास्तीचं ऐकवतोय.

म्हणून आधी मोठ्यांनी स्वतःचे आवाज तपासायचे. ट्, प्, क् हे कुजबुजल्यासारखे म्हणता येतात, गळ्यावर बोट ठेवलं तर थरथर लागता कामा नये. ब्, ड्, ग् यांच्यामागे थोडा 'अ' येतोच, तो शक्य तितका आखूड ठेवायचा. स्, म्, न्, फ्, र्, ल् हे मात्र श्वास पुरेल तोवर ताणता येतात, आणि जोडायला शिकवताना हेच कामी येतात.

सुरुवात 'बॅट'ने करूच नका. 'मॅन', 'सन', 'फॅन', 'सॅम' घ्या. 'म्म्म्ॲॲॲन्न्न्' असं एका श्वासात, मध्ये न थांबता म्हणायचं आणि मग तेच पटकन: मॅन. तीन आवाज सुटे म्हणून मग जोडायला सांगितलं की पहिला आवाज मुलाच्या डोक्यातून निसटलेला असतो. आवाज तुटूच दिला नाही तर लक्षात ठेवण्याचं ओझंच राहत नाही. बोटही एकेका अक्षरावर टेकवू नका, शब्दाखालून सरकवत न्या.

हे जमलं की 'सॅट', 'मॅप', 'रॅट' असे शेवटी ट् किंवा प् असलेले शब्द. 'बॅट', 'पिन', 'टॅप' त्यानंतर.

चांदणचुरा

रेघोट्याताई, छान लिहिलंय. पण मग ए, बी, सी, डी या क्रमाने शिकवायचंच नाही का?

रेघोट्या

गाण्यापुरता तो क्रम असू द्या, शब्दकोश बघायला पुढे लागतोच. वाचनासाठी तो गैरसोयीचा आहे. ए, बी, सी, डी, ई इतकं शिकून किती शब्द होतात? कॅब, बेड, डॅड, बॅड, संपलं. जॉली फोनिक्स या फोनिक्स शिकवण्याच्या तयार अभ्यासक्रमात पहिला गट एस, ए, टी, आय, पी, एन असा आहे. सहा अक्षरांत सॅट, सिट, पिन, टिन, टॅप, नॅप, पॅन, निप, ॲंट, स्नॅप, स्पिन, पँट. चौथ्या-पाचव्या अक्षराला मूल स्वतःच्या बळावर खरा शब्द वाचतं. त्याला कळतं की ही अक्षरं कशासाठी आहेत. 26 आवाज पाठ होईपर्यंत एकही शब्द न वाचलेल्या मुलाला हे कळायला मार्गच नसतो.

आणखी एक. आवाज 26 नाहीत. उच्चारांच्या धाटणीप्रमाणे थोडा फरक पडतो, पण इंग्रजीत साधारण 44 आवाज धरतात. जॉली फोनिक्स 42 शिकवतं. एस-एच मिळून 'श्', ई-ई मिळून 'ई', ओ-ए मिळून 'ओ' हे जोडआवाज सुट्या अक्षरांइतकेच महत्त्वाचे. सुट्या 26 वर शिकवणं थांबलं तर 'शिप' समोर आल्यावर मूल 'स्-ह्-इ-प्' करत बसतं.

आडवळण

थोडा वेगळा सूर लावतो. आमच्या पिढीला फोनिक्स शब्दही माहीत नव्हता. स्पेलिंगं घोकली, वाचायला आलं, नोकऱ्याही केल्या. शिवाय इंग्रजीत नियमांपेक्षा अपवादच जास्त दिसतात. मग मुलांवर आणखी एक पद्धत कशाला लादायची? शब्द वारंवार डोळ्यांखालून गेला की आपोआप ओळखीचा होतो असा माझा अनुभव आहे.

रेघोट्या

आडवळणजी, तुमचा अनुभव खरा आहे. बरीचशी मुलं कोणत्याही पद्धतीने शिकतात, कारण न सांगता ती स्वतःच अक्षर आणि आवाज यांचा मेळ शोधून काढतात. प्रश्न आहे ज्यांना तो आपोआप सापडत नाही त्यांचा. वर्गात अशी मुलं नेहमी असतात, आणि घोकण्याच्या पद्धतीत ती पहिली-दुसरीपर्यंत लक्षातही येत नाहीत, कारण लहान पुस्तकं पाठ करून म्हणता येतात. तिसरीत पाठ्यपुस्तक जाड झालं की एकदम उघडी पडतात आणि मग त्यांना आळशी म्हटलं जातं. मला त्याचा फार त्रास होतो.

हा वाद जुना आहे. अमेरिकेत जीन चॉल यांनी 1967 मध्येच तोवरचा अभ्यास तपासून सुरुवातीला अक्षर-आवाजाचा मेळ शिकवण्याच्या बाजूने कौल दिला होता. 2000 साली तिथल्या नॅशनल रीडिंग पॅनेलने हाच निष्कर्ष काढला: क्रमाने, ठरवून शिकवलेलं फोनिक्स हे न शिकवण्यापेक्षा किंवा अधूनमधून शिकवण्यापेक्षा सरस ठरतं, आणि त्याचा जास्त फायदा अगदी लहान वर्गांत होतो. इंग्लंडमध्ये जिम रोझ यांच्या 2006 च्या अहवालानंतर फोनिक्स शाळांमध्ये पक्कं झालं. 2012 पासून तिथे पाच-सहा वर्षांच्या मुलांची छोटी चाचणी होते. 40 शब्द वाचायचे, त्यांतले 20 खरे आणि 20 बनावट. 'मिब', 'पॉग' अशा धाटणीचे. बनावट शब्द पाठ असू शकत नाही, म्हणून मूल आवाज जोडून वाचतंय की आठवणीतून म्हणतंय ते लगेच कळतं. घरी तुम्हीही असे दोन-चार शब्द कागदावर लिहून बघा, मूल कुठे अडतंय ते स्वच्छ दिसेल.

'डोळ्यांखालून गेला की ओळखीचा होतो' याबद्दल. लिनिया एहरी या संशोधिकेने यावर आयुष्यभर काम केलं आहे. शब्द लक्षात राहतो तो चित्र म्हणून नव्हे, तर त्यातलं प्रत्येक अक्षर त्याच्या आवाजाशी बांधलं गेल्यामुळे. म्हणून तुम्ही-आम्ही 'हाऊस' आणि 'हॉर्स' एका नजरेत वेगळे ओळखतो, दोन्हींचा आकार जवळपास सारखा असूनही. आवाज जोडत वाचायची ही धडपड काही काळापुरतीच असते. एकदा बांधणी झाली की तो शब्द फोडावा लागत नाही.

अपवादांबद्दल उद्या लिहिते, ते वेगळं प्रकरण आहे.

पाटीपेन्सिल

मराठी-इंग्रजीच्या गोंधळाबद्दल लिहितो, कारण माझ्या दोन्ही मुलांना दोन्ही लिप्या बरोबरीने शिकवल्या.

मराठी सोपी, इंग्रजी अवघड असं सरसकट म्हणतात. अर्धं खरं आहे. 2003 साली फिलिप सीमोर आणि सहकाऱ्यांनी 13 युरोपीय भाषांमधल्या पहिलीच्या मुलांची तुलना केली होती. फिनिश, ग्रीक, स्पॅनिश मुलं वर्षअखेर ओळखीचे साधे शब्द 95 टक्के किंवा जास्त बरोबर वाचत होती. इंग्रजीत शिकणारी स्कॉटलंडची मुलं 34 टक्के. मुलं तितकीच हुशार, पण इंग्रजीत एका आवाजाला अनेक वेश आणि एका अक्षराला अनेक आवाज. तेव्हा लेकीला इंग्रजी वाचनात वेळ लागतोय म्हणून घाबरू नका, सगळ्यांनाच लागतो.

पण आपल्या लिपीचंही ओझं निराळं आहे. अक्षर-आवाजाचा मेळ सरळ, तरी चिन्हं किती! बाराखडी, जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी जी लिहायची आधी आणि म्हणायची नंतर. कन्नड शाळांमधल्या मुलांवर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात अक्षरं शिकण्याचं काम चौथीपर्यंत चालू असल्याचं दिसलं. आपली रचना तशीच, त्यामुळे मराठीतही घाई नको. आणि आपल्याकडेही मेळ शंभर टक्के नाहीच. 'चहा' आणि 'चाक' यांतले च वेगळे, 'कमळ' मधल्या शेवटच्या ळ चा अ आपण म्हणत नाही. हे मुलांना आपण कधी सांगत नाही, ती कानाने उचलतात.

मला सापडलेली सोपी वाट म्हणजे बाराखडी. आपल्या मुलांना 'क् + ॲ + ट्' असे तीन तुकडे जड जातात, पण 'कॅ + ट्' पटकन जमतं, कारण व्यंजन आणि स्वर मिळून एक अक्षर हे त्यांच्या कानात पक्कं बसलेलं असतं. म्हणून आम्ही इंग्रजीची बाराखडीच केली: बॅ, बे, बि, बॉ, ब. मग मॅ, मे, मि, मॉ, म. शेवटी एक व्यंजन लावलं की शब्द. कोरी_पाटी, तुमची मुलगी 'बॅ' एका दमात म्हणू लागली की 'बॅट' दूर नाही.

रेघोट्या

पाटीपेन्सिल, अनुमोदन. वर्गात मीही हेच करते. फक्त एक जपायचं, मूल 'बॅ' वरच थांबू नये, पुढे त्यातला ब् आणि ॲ सुटाही ऐकू यायला हवा. नाहीतर वाचता येतं पण लिहिताना स्वर गळतो.

सायंतारा

ए आणि ई चा घोळ कुणी सोडवलाय का? पेन आणि पॅन, बेड आणि बॅड. माझा मुलगा दोन्ही सारखंच म्हणतो आणि लिहितोही सारखंच.

रेघोट्या

हा घोळ लिहिण्याचा नाही, ऐकण्याचा आहे, म्हणून वही बाजूला ठेवा. आरसा द्या. 'पॅन' म्हणताना जबडा चांगला खाली येतो, 'पेन' म्हणताना ओठ बाजूला ताणले जातात. हनुवटीखाली हाताची पाठ धरली तर फरक हाताला लागतो. मग तुम्ही तोंडावर कागद धरून शब्द म्हणायचा आणि त्याने पेन किंवा पॅन यांतली खरी वस्तू उचलायची. कान तयार झाला की अक्षर दाखवा. व्ही आणि डब्ल्यू यांचंही असंच, मराठीत दोन्हींना 'व'. व्ही ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यू ला ओठांचा चंबू होतो.

आता काल राहिलेले अपवाद. 'सेड' घ्या: एस-ए-आय-डी. पहिलं आणि शेवटचं अक्षर अगदी नियमाने वागतंय, वाकडं आहे ते फक्त मधलं ए-आय. तेवढ्याखाली रंगीत रेघ मारा आणि तेवढंच लक्षात ठेवायला सांगा. अख्खा शब्द चित्रासारखा पाठ करायला लावू नका. 'वॉज' तर दिसतो तितका वाकडाही नाही. डब्ल्यूनंतरचा ए बहुधा 'ऑ' होतो, वॉन्ट, वॉश, वॉच, स्वॉन. आणि शेवटचा एस 'झ्' होणं तर हिज, इज, हॅज मध्ये रोजचंच. अपवाद म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळ शब्दांमागे असा एखादा ठसा निघतो. खरोखर एकटे पडलेले, जसे 'वन' किंवा 'टू', थोडेच आहेत. ते पाठ करून टाकायचे.

कोरी_पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. 'म्म्म्ॲॲॲन्न्न्' चालू केलंय, तिला मजा येते आहे. 'सन' तिने काल एकटीने वाचला आणि खिडकीकडे बोट दाखवलं.

चित्र बघून अंदाज करण्याचं काय करू? शाळेतून येणाऱ्या पुस्तकांवरच लिहिलेलं असतं की अडलं तर चित्र बघा, पहिलं अक्षर बघा, वाक्यात काय बसेल ते बघा.

रेघोट्या

ही सूचना फार पसरलेली आहे. केनेथ गुडमन यांनी 1967 मध्ये वाचन म्हणजे अंदाज बांधण्याचा खेळ अशी मांडणी केली, तिथून ती रुजली. पण पुढच्या अभ्यासांत उलटंच दिसलं. तरबेज वाचक शब्द अक्षरांवरूनच ओळखतात, संदर्भावर जास्त भिस्त कच्च्या वाचकांची असते. म्हणजे कच्च्या वाचकाची सवय आपण नवशिक्याला नेमून शिकवतो.

उपाय साधा आहे. शब्द वाचून होईपर्यंत चित्र हाताने झाका, मग उघडा. 'पोनी'ला 'हॉर्स' म्हटलं तर 'चूक' म्हणू नका, 'पहिल्या अक्षराचा आवाज काय? मग हॉर्स असेल का?' एवढंच विचारा. आणि वाचायला द्यायची पुस्तकं तिला आलेल्या आवाजांचीच असावीत. पाच आवाज येतात तर त्या पाचांतूनच बनलेलं वाक्य द्या.

आडवळण

इथे मात्र मी अडून बसणार. अशी पुस्तकं फार कोरडी असतात. 'सॅम सॅट. पॅम सॅट.' यात मूल काय रमणार? गोष्टींची गोडी लागली नाही तर वाचायला येऊन उपयोग काय?

रेघोट्या

तुमचं म्हणणं बरोबर आहे, म्हणून दिवसातल्या दोन वेळा वेगळ्या ठेवा. एक वेळ मुलाच्या वाचनाची, दहा-पंधरा मिनिटं, आलेल्या आवाजांचीच पुस्तकं. दुसरी वेळ तुम्ही वाचून दाखवण्याची. तिथे काहीही वाचा, लांबलचक गोष्टी, अवघड शब्द, चित्रांवर गप्पा, कोणत्याही भाषेत. गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये वाचन समजण्याचं एक साधं सूत्र मांडलं: शब्द उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. फोनिक्स पहिली बाजू बघतं, तुमच्या गोष्टी दुसरी. मराठीतून ऐकलेल्या गोष्टीही दुसऱ्या बाजूला जमा होतात, मुलाला जग कळतं, वाक्य कसं वळतं ते कळतं. गोष्टी सोडून नुसतं फोनिक्स करणाऱ्या घरांबद्दल मला तितकीच काळजी वाटते.

आडवळण

गुणाकार पटला. नातवासाठी दुसरी वेळ मी घेतो.

पारिजात

स्पेलिंगचं राहिलंच की. के-ए-टी चं काय?

रेघोट्या

हो. के-ए-टी ही आनंदाची बातमी आहे. तीन आवाज, तिन्ही ऐकले, तिन्हींना अक्षर दिलं. ऐकण्याचं काम पूर्ण झालं, आता फक्त या शब्दात 'क्' चा कोणता वेश चालतो ते सांगायचं राहिलं. चार्ल्स रीड यांनी 1971 मध्ये शाळेआधीच्या मुलांच्या स्वतःच्या स्पेलिंगांचा अभ्यास केला. मुलं 'ट्रक'ची सुरुवात सी-एच-आर ने करत होती. जरा स्वतः 'ट्रक' सावकाश म्हणून बघा, इंग्रजी उच्चारात तिथे 'च्' सारखंच ऐकू येतं. मुलांचे कान आपल्यापेक्षा तिखट असतात.

म्हणून आधी म्हणा, 'आवाज सगळे बरोबर लिहिलेस', आणि मग, 'इथे क् साठी सी लागतो'. वेश निवडायला काही पक्के आधार आहेत. पुढे ई, आय किंवा वाय असेल तर के: किट, केग, स्काय. पुढे ए, ओ, यू किंवा व्यंजन असेल तर बहुधा सी: कॅट, कॉट, कप, क्लॅप. छोट्या शब्दात आखूड स्वरानंतर शेवटी 'क्' आला तर सी-के: डक, सॉक, बॅक. तशाच जागी एफ, एल, एस दुप्पट होतात: ऑफ, बेल, मिस. 'बस' हा अपवाद. शब्दाच्या मध्ये ए-आय, शेवटी ए-वाय: रेन आणि डे. इंग्रजी शब्द सहसा व्ही वर संपत नाही, म्हणून हॅव, गिव्ह यांच्या शेवटी तो न बोलणारा ई. हे सगळं एकदम सांगायचं नाही. एक आधार घ्यायचा, आठवडाभर त्याचेच शब्द लिहायचे, मग पुढचा.

लिहिण्याआधी चौकटी आखा. ही युक्ती सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांची. शब्दात जितके आवाज तितक्या चौकटी, सावकाश म्हणत प्रत्येक आवाजाला एक बटण सरकवायचं, मग बटणाच्या जागी अक्षर. 'शिप'ला अक्षरं चार पण चौकटी तीन, कारण एस-एच एकाच चौकटीत बसतात. स्पेलिंग अक्षरांची नावं घेऊन घोकण्यापेक्षा हे कितीतरी टिकतं. आणि वाचताना शिकलेला आवाज त्याच दिवशी लिहूनही घ्या, दोन्ही दिशा एकमेकींना बळ देतात.

सायंतारा

बी आणि डी उलटे लिहिणं म्हणजे डिस्लेक्सिया (वाचन-लेखन शिकण्यातली अडचण) का? धास्ती वाटते.

रेघोट्या

पाच-सहा वर्षांच्या मुलांत ते अगदी नेहमीचं आहे, सातपर्यंतही दिसतं. तेवढ्यावरून काही ठरत नाही. दोन्ही अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नका, एक पक्कं झाल्यावर दुसरं. लक्ष ठेवायचं ते दुसऱ्या गोष्टींवर: यमक ऐकू न येणं, शब्दाचा पहिला आवाज सांगता न येणं, नीट आणि नेमाने शिकवूनही आवाज टिकत नसणं, कुटुंबात कुणाला वाचनाची अडचण असणं. असं असेल तर आधी कान आणि डोळे तपासून घ्या आणि मग तज्ज्ञांना दाखवा. 'मोठं झालं की येईल' म्हणून थांबू नका, लवकर मिळालेली मदत जास्त लागू पडते. आणि अशा मुलांनाही शिकवायचं असंच असतं, फक्त आणखी सावकाश आणि आणखी उजळणी करत.

कोरी_पाटी

आणखी एकच. टेंट लिहिताना टी-ई-टी लिहिते, हँडमधला एन पण गायब. म्हणताना मात्र बरोबर म्हणते.

पाटीपेन्सिल

आमच्याकडेही झालं होतं. मला वाटतं यात आपल्या अनुस्वाराचाही हात असावा. मराठीत तो आवाज डोक्यावरच्या टिंबात जातो, त्याला ओळीत स्वतंत्र जागा नसते.

रेघोट्या

इंग्रजी घरातली मुलंही हा एन गाळतात, रीड यांनाही तो आढळला होता, कारण तो स्वरातच मिसळून जातो. पण तुमचं निरीक्षण विचार करण्यासारखं आहे. तिला नाक चिमटीत धरून आधी 'टेट' म्हणायला सांगा आणि मग 'टेंट'. दुसऱ्या वेळी आवाज नाकात कोंडेल. तो कोंडलेला आवाज म्हणजे एन, त्याला एक चौकट द्यायची. टेंटला चार चौकटी आखून द्या, तिसरी रिकामी राहिली की ती स्वतःच शोधेल. मग हँड, सँड, मिंट, पाँड याच क्रमाने घ्या.